‘नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय? आणि सुईण की प्रसाविका?

साताऱ्याहून: बाळंतपणाच्या जुन्या नोंदी संगणकात भरतेय. रकान्यात पर्याय दोनच, ‘नॉर्मल’ आणि ‘सिझर’. काल एका कागदावर सलाइनमधून कळांचं औषध, बाळ ओढायचा चिमटा, टाके असं सगळं होतं, आणि खाली ‘नॉर्मल’. पुढच्या कागदावरची बाई आपल्या कळांनी मोकळी झालेली, तीही ‘नॉर्मल’. दोन्ही भरलं, पण मनाला पटेना. ‘नैसर्गिक’ म्हणू का? आणि ‘मिडवाइफ’ला सुईण म्हणावं की प्रसाविका?

तासगावहून: ताई, आमच्याकडे ‘नॉर्मल’ म्हणजे पोट फाडलं नाही, एवढंच. आजीच्या तोंडी ‘हातीपायी सुटली’ असायचं, नाहीतर ‘अडली’. बाळंतपण कसं झालं यापेक्षा बाई सुखरूप आहे का, हे त्या शब्दांत होतं.

मोठ्या आकडेवारीत मात्र ‘कसं’ हेच लागतं. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४,५३८ बायकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी ‘नॉर्मल’ची व्याख्या आधी पक्की केली: कळा औषधानं आणलेल्या नाहीत, कमरेतून किंवा पूर्ण भूल नाही, चिमटा-व्हॅक्यूम नाही, सिझर नाही, बाळ बाहेर यायची जागा कापलेली नाही. डॉक्टरांच्या विभागात बाळंत व्हायचं ठरवलेल्यांत अशी बाळंतपणं सुमारे ५८ टक्के भरली, प्रसाविकांच्या स्वतंत्र केंद्रांत सुमारे ८३. तुमच्या दोन पर्यायांतून हे कधीच निघालं नसतं. आपल्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सिझर २५.४ टक्के आहे. उरलेल्या बायकांत कोण आपल्या कळांनी सुटली आणि कोणाला चिमटा लागला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मिरजेहून: सुईण हा ‘सू’ धातूच्या घरातला शब्द, प्रसव, प्रसूती ही त्याची भावंडं. पण सुईण म्हणजे हातानं शिकलेली गावातली बाई, प्रसाविका म्हणजे शिकून नोंदणी झालेली. एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई, त्यांच्या मराठी नावातच ‘परिचारिका प्रसाविका’ आहे. २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत नर्सना मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे, त्यांनाही प्रसाविकाच म्हणा. सुईणीला त्याच रकान्यात घातलं, तर कोणाच्या हाताला काय यश आलं हे कायमचं पुसलं जाईल.

साताऱ्याहून: पटलं. शेऱ्यात आता पहिलीपुढे ‘खालून; कळा औषधाने; चिमटा; टाके’ आणि दुसरीपुढे ‘आपल्या कळांनी’ असं लिहिलंय. अडलंय ते ‘टाके’पाशी. जागा आपोआप फाटली तरी टाके, कापली तरी टाके. त्या कापण्याला तुमच्याकडे बायका काय म्हणतात?