विमाने भरलेली असूनही विमानकंपन्या अडचणीत का येतात?

अर्थशास्त्र_नाशिक (धागाकर्ता)

नमस्कार. मी वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गांना शिकवतो. या सत्रात प्रवासी विमानवाहतूक हा विषय प्रकल्पासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाने मला एक प्रश्न विचारला आणि त्यावर या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत घ्यावे असे वाटल्याने हा धागा काढत आहे.

प्रश्न असा : मागणी भरपूर, आसने भरलेली, सणासुदीला तिकिटांचे दर आकाशाला भिडलेले, मग या धंद्यात पैसा टिकत का नाही? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेटची शेवटची विमाने एप्रिल २०१९ मध्ये उडाली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये तर देशांतर्गत बाजारपेठेतील निम्म्याहून बराच अधिक हिस्सा हाती असलेल्या इंडिगोला काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. पुस्तकातील मागणी-पुरवठ्याचा आलेख पाहता विक्रेत्याची चंगळ व्हायला हवी होती. ‘व्यवस्थापन वाईट होते’ हे उत्तर एका कंपनीबाबत चालेल; पण एकापाठोपाठ एक कंपन्या त्याच वाटेने जात असतील, तर मूळ कारण धंद्याच्या रचनेत असावे, असा माझा अंदाज आहे. पुढील दहा वर्षांत या क्षेत्रात काय बदलेल आणि नोकऱ्या कोठे निर्माण होतील, यावरही जाणकारांनी लिहावे.

हँगर_दोन

आपला अंदाज बरोबर आहे. मी विमान देखभालीच्या कामात आहे, म्हणून माझ्या बाजूने दिसते तेवढेच लिहितो. आज टंचाई प्रवाशांची नाही आणि कागदावर पाहिले तर विमानांचीही नाही. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० आणि एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी नोंदवली आहे. टंचाई आहे ती उडू शकणाऱ्या इंजिनांची.

इंडिगो आणि गो फर्स्ट यांच्या ताफ्यातील मुख्य विमान म्हणजे एअरबसचे ए३२० निओ; त्याला दोन प्रकारची इंजिने मिळतात. त्यांपैकी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनात पुढचा पंखा आणि मागचे टर्बाइन यांच्यामध्ये गिअरपेटी असते. त्यामुळे पंखा सावकाश आणि टर्बाइन वेगाने, असे दोघेही आपापल्या सोयीच्या गतीने फिरतात आणि इंधनाची मोठी बचत होते. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. परंतु जुलै २०२३ मध्ये असे जाहीर झाले की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत इंजिनातील काही फिरत्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनल्या, तिच्यात सूक्ष्म अशुद्धी राहिली होती आणि तिच्यामुळे चकतीला वेळेआधी तडा जाऊ शकतो. अशी चकती उड्डाणात फुटली, तर तिचे तुकडे इंजिनाचे आवरण भेदून बाहेर पडू शकतात. म्हणून इंजिन पंखाखालून उतरवायचे, पूर्ण उघडायचे, चकत्या तपासायच्या किंवा बदलायच्या. हे काम करणारी केंद्रे जगात मोजकी, सुटे भाग अपुरे आणि रांग लांब. एका इंजिनाला परत येण्यास ३०० दिवसांपर्यंत लागतील, असे कंपनीनेच तेव्हा सांगितले होते. इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने एका टप्प्यावर उभी होती. गो फर्स्टने दिवाळखोरीच्या अर्जात मुख्य कारण हेच दिले होते. त्या कंपनीचे बाकीचे हिशेबही फार निरोगी होते असे मी म्हणणार नाही, परंतु ताफ्याचा निम्मा भाग जमिनीवर असताना कोणाचाही हिशेब जुळणार नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी असे उभे विमान एकदा जवळून पाहावे. इंजिन काढलेल्या जागी पंखाखाली वजने टांगलेली असतात, कारण तेवढा भार एकाएकी नाहीसा झालेला विमानाच्या तोलाला चालत नाही. हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्यांवर आवरणे घालून त्यांना लाल फिती बांधतात, नाहीतर कीटक आत घर करतात. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाके ठरावीक दिवसांनी फिरवावी लागतात. म्हणजे विमान एक रुपयाही कमवत नाही, पण तंत्रज्ञ, जागाभाडे आणि भाडेपट्टा हे तिन्ही खर्च चालूच राहतात.

नोकऱ्यांविषयी : नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे आणि फ्रान्सच्या साफ्रानच्या लीप इंजिनांच्या (ए३२० निओला मिळणारा दुसरा प्रकार) केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला झाले. इंजिने परदेशी पाठवण्याऐवजी येथेच उघडण्याकडे कल आहे आणि आयात केलेल्या सुट्या भागांवरील एकात्मिक जीएसटी जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के केल्याने त्याला बळ मिळाले. वैमानिक होण्याचे स्वप्न सगळेच पाहतात. परवानाधारक देखभाल अभियंत्यांची गरजही तितकीच आहे, हे मुलांना जरूर सांगा.

डॉलर_रुपया

हँगर_दोन यांनी इंजिनाची बाजू मांडली, मी खातेवहीची मांडतो.

भारतीय विमानकंपनी तिकीट रुपयांत विकते. पण विमानांचे भाडे, इंजिनांची देखभाल आणि बहुतांश सुटे भाग यांचे पैसे डॉलरमध्ये देते. रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता तोटा वाढतो. इंधनाचा वाटा एकूण खर्चाच्या ३० ते ४० टक्के असतो. विमानइंधन अजूनही जीएसटीबाहेर असल्याने त्यावर ११ टक्के केंद्रीय उत्पादन शुल्क आणि त्याशिवाय राज्याचा व्हॅट बसतो. आणि तिकिटांवर भराव्या लागणाऱ्या जीएसटीतून त्या कराची वजावटही मिळत नाही. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील दर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तर काही राज्यांत तो १ टक्क्यावर आहे. परिणामी, कमी कराच्या विमानतळावर गरजेपेक्षा जास्त इंधन भरून ते पुढच्या मुक्कामी वाहून न्यायचे, आणि त्या जादा वजनापायी आणखी इंधन जाळायचे, हा उफराटा व्यवहार करनियोजनात चोख बसतो.

नफ्याचे प्रमाण इतके बारीक आहे की जगभरातील विमानकंपन्यांना एका प्रवाशामागे सरासरी सुमारे ७ डॉलर निव्वळ नफा उरतो, असे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अलीकडचे आकडे सांगतात. आपल्या दोन कपांच्या कॉफीएवढा!

एक मुद्दा वृत्तपत्रांत फारसा आला नाही. गो फर्स्टने दिवाळखोरीचा आश्रय घेतल्यावर न्यायाधिकरणाने वसुलीला स्थगिती दिली आणि ५४ विमाने ती भाड्याने देणाऱ्या मूळ मालकांना जवळजवळ वर्षभर परत मिळाली नाहीत. भाडे थकल्यास विमान परत घेण्याचा हक्क मालकाला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय केपटाऊन करारात भारत २००८ मध्ये सामील झाला होता. परंतु त्याला देशांतर्गत कायद्याचे पाठबळ नव्हते. परदेशी भाडेकंपनीने यातून एकच निष्कर्ष काढला : भारतात दिलेल्या विमानावर जोखमीचा अधिभार लावा. तो अधिभार शेवटी तिकिटातून तुम्ही-आम्ही भरतो. २०२५ मध्ये संसदेने विमानवस्तूंमधील (विमाने, इंजिने) हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे ही जोखीम उतरेल अशी अपेक्षा आहे. गुजरातच्या गिफ्ट सिटी या वित्तीय सेवा केंद्रात भाडेपट्ट्याचा व्यवसाय आणण्याचे प्रयत्न याच दिशेचे आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी खरी संधी येथे आहे असे माझे मत आहे. विमानाचा भाडेपट्टा समजणारे लेखापाल आणि वकील आपल्याकडे फार थोडे आहेत.

रोस्टर_रात्रपाळी

इंडिगोचे डिसेंबर २०२५ चे प्रकरण वरील दोन्ही कारणांहून वेगळे आहे. तेथे विमाने होती, प्रवासी होते. चालवायला नियमात बसणारे वैमानिक नव्हते.

विमानवाहतुकीचे नियामक असलेल्या डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या वेळांचे सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मानली जाऊ लागली आणि रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच लँडिंगची मुभा राहिली. पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि दुसरा, म्हणजे रात्रपाळीचा जाचक वाटणारा भाग, १ नोव्हेंबरला लागू झाला. पहाटे चारला उतरणाऱ्या वैमानिकाची थकवाग्रस्त अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नियम कडक वाटणार नाहीत. मी अनेक वर्षे क्रूचे वेळापत्रक लावले आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

अडचण अशी की कमी खर्चाच्या कंपनीचे सारे गणित विमान दिवसाचे तेरा-चौदा तास हवेत ठेवण्यावर आणि माणसे अगदी मोजून ठेवण्यावर बेतलेले असते. राखीव वैमानिक म्हणजे बसून पगार, असा हिशेब असतो. एरवी तो खपून जातो. धुके, हिवाळी वेळापत्रक, एखादा तांत्रिक बिघाड यांपैकी काही घडले की सकाळच्या पहिल्या फेरीचा उशीर दुपारपर्यंत वैमानिकाचे तास संपवतो. तो दिल्लीत अडकतो आणि त्याचे संध्याकाळचे विमान पुण्यात उभे राहते. ५ डिसेंबरला एका दिवसात इंडिगोची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारला तिकीटदरांवर अंतरानुसार मर्यादा घालाव्या लागल्या, कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत तात्पुरती सूट मिळाली आणि नंतर वेळापत्रकात १० टक्के कपात करण्याचा आदेश निघाला. नियम जाहीर होऊन जवळजवळ दोन वर्षे झाली होती, ही गोष्ट लक्षात घेतली तर सूट देणे मला पटलेले नाही.

यात पाकिस्तानच्या हवाई हद्दीची भर आहे. एप्रिल २०२५ पासून ती भारतीय विमानांना बंद झाली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला थांबून इंधन घेण्याची वेळ आली. प्रवासाचे तास वाढले की एका फेरीला जास्त वैमानिक लागतात, आणि कमांडर (विमानाचा मुख्य वैमानिक) एका वर्षात तयार होत नाही. त्यासाठीच्या परवान्याला किमान १,५०० तासांचा अनुभव लागतो.

अर्थशास्त्र_नाशिक (धागाकर्ता)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. इंजिन, चलन आणि माणसे या तीन टंचाया विद्यार्थ्यांसमोर मांडेन. दोन उपप्रश्न आहेत. नवी मुंबईच्या विमानतळामुळे मुंबईतील कोंडी खरोखर सुटेल का? आणि उसापासून विमानइंधन बनवण्याची जी चर्चा आपल्या साखरपट्ट्यात चालते, तिला आर्थिक आधार किती आहे?

धावपट्टी_०९

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक करता येत नाही. एकाच पट्टीवर गर्दीच्या तासाला ४६ च्या आसपास विमाने हाताळली जातात, आणि हे काम कौतुकास्पद असले तरी त्यापुढे फारसा वाव नाही. नवी मुंबईचे व्यावसायिक उड्डाण २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता आहे आणि आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, त्या मात्र स्वतंत्रपणे वापरता येतील. पुण्याचे दुखणे वेगळे : लोहगावला जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल वापरात आले, पण धावपट्टी हवाई दलाचीच आहे.

छोट्या शहरांबाबत सावध राहावे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ मधील अहवालानुसार, छोट्या शहरांना अनुदानित विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर अवघे ५४ टिकले. विमानतळ बांधणे सोपे, रोजचे विमान टिकवणे अवघड.

साखरपट्टा

दुसऱ्या प्रश्नाविषयी. आधार आहे, पण किंमत आडवी येते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात देशात तयार झालेले मिश्र जैवइंधन वापरले होते. पुण्याच्या प्राज कंपनीचा आणि इंडियन ऑइलचा त्यात सहभाग होता. सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. जगात एकूण विमानइंधनातील असा हिस्सा आज एक टक्काही नाही आणि ते साध्या इंधनाच्या दुपटीहून महाग पडते. हायड्रोजनच्या विमानाबाबत बोलायचे, तर एअरबसने २०३५ चे लक्ष्य २०२५ च्या सुरुवातीलाच पुढे ढकलले, म्हणून नजीकचा पर्याय जैवइंधनाचाच उरतो.

तरीही उसाच्या बाजूने घाईने उडी घेऊ नये असे मला वाटते. इथेनॉल आधीच पेट्रोलसाठी जात आहे, त्याच मळीवर आणि रसावर तिसरा दावेदार आला तर कारखान्याला दर मिळेल. पण दुष्काळी तालुक्यांतल्या पाण्याचा हिशेब कोण मांडणार? पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्याने वापरलेल्या खाद्यतेलाचा मार्ग धरला आहे. प्रकल्पात विद्यार्थ्यांनी या दोन कच्च्या मालांची तुलना केली, तर ती आम्हा कारखान्यांतील लोकांनाही वाचायला आवडेल.