आधी रोटरीचं केंद्र तपासा

सीएनसी मशीनवर इंजिनचं सिलिंडर हेड सरळ असताना व्हॉल्व्ह गाइडचं बोअर (भोक) जागेवर येतं, ए-अ‍ॅक्सिस (हेड तिरकं करणारा रोटरी टेबलचा अक्ष) फिरवला की सरकतं, असं तुम्ही लिहिलंय. प्रोग्रॅम चाळण्याआधी फिरण्याचं केंद्र तपासा. फिक्स्चरच्या (हेड पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या) एकाच पिनचं सेंटर ० आणि १८० अंशांवर घ्या. दोन्ही वाय रीडिंगांची सरासरी म्हणजे केंद्र. झेडसाठी ९० आणि २७० अंशांवर पिनच्या माथ्याचं रीडिंग घ्या, आणि सरासरीतून पिनची त्रिज्या वजा करा. जी-५४ (प्रोग्रॅमचा शून्यबिंदू) तिथेच ठेवा. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत काही जण रोटरीच्या कॅटलॉगमधली सेंटर हाइट (केंद्राची उंची) तशीच टाकतात, ते मला अजिबात पटत नाही. कोनात ०.०१ अंश चुकला तरी १०० मिमीवर सुमारे ०.०१७ मिमी जातात. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) आणि गाइडच्या जुळणीला ते फार झालं! म्हणून कोनावर नेहमी एकाच दिशेने या, क्लॅम्प करा, आणि सीट-गाइड एकाच इंडेक्सिंगमध्ये, म्हणजे मध्ये कोन न बदलता, उरका.