अनुभव धागा: सर्कस पाहून आल्यावर मुलं काय बोलली?

मुलांना तंबूत नेऊन प्रत्यक्ष सर्कस दाखवलीत? घरी आल्यावर ती काय विचारत राहिली, काय करून बघायला लागली, ते इथे लिहा. 'शिस्त, एकाग्रता, संघभावना' अशी निबंधातली यादी मात्र नको.

*

माझी लेक सात वर्षांची. झुल्यांच्या खेळात एका कलाकाराचा हात निसटला आणि तो थेट जाळीत. सगळा तंबू 'आई गं!' करून ओरडला. तो मात्र पाठीवर पडला, उसळला, जाळीच्या कडेवरून खाली उतरला, हातांना पांढरी पूड चोळली आणि पुन्हा शिडी चढायला लागला. बँड वाजतच होता. दुसऱ्या खेपेला जमलं.

आमची बाई चित्रात एक रेघ चुकली की कागद टराटरा फाडणारी. परतताना रस्ताभर प्रश्न. त्याला कोणी रागावलं कसं नाही? तो बरोबर पाठीवरच कसा पडला? जाळीत पडायचं कसं हे आधी शिकावं लागतं, हात-पाय आधी टेकले तर मोडू शकतात, असं सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे पडायचीपण प्रॅक्टिस असते?" कागद अजूनही फाटतात. थोडे कमी, एवढंच.

*

वरचं वाचून लिहितोय. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझा डोळा भलतीकडेच असतो. रिंगण गोलच का, असं पुतण्याने विचारलं आणि मला आयता विषय मिळाला. फिलिप ॲस्ट्ली नावाच्या घोडेस्वाराने १७६८ मध्ये लंडनला घोड्यांवरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. घोडा गोलात एकसारखा धावला की पाठीवर उभा असलेला स्वार आतल्या बाजूला झुकून तोल साधू शकतो. पुढे ४२ फूट व्यासाचं रिंगण सगळीकडे रूढ झालं.

तारेवर चालणारीच्या हातातली काठी एवढी लांब का, हा पुढचा प्रश्न. उत्तर न देता घरी फरशीच्या रेघेवर त्याला एका पायावर उभं केलं, आधी रिकाम्या हातांनी, मग लांब बांबू आडवा धरून. बांबू असला की शरीर कलंडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सावरता येतं, हे त्याचं त्यालाच कळलं. काठीची टोकं खाली वाकलेली असली तर गुरुत्वमध्यही खाली येतो, ही भर माझी. ती त्याने ऐकली नाही बहुतेक.

*

आमच्याकडे शिक्षण वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून उड्या आणि कपाळाला टेंगूळ! नेणार असाल तर आधीच बजावून ठेवा.

*

माझ्या मुलाने विदूषकाकडे पाहिलंच नाही. सगळे हसत होते आणि हा मागे बोट दाखवत होता. तिथे अंधारात चार-पाच जण झुल्यांची जाळी ताणत होते, दोर ओढून ओढून बघत होते. विदूषक तेवढा वेळ काढून देत होता, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता घरात खेळताना त्याला झुलेवाला व्हायचं नसतं, दोर बांधणारा व्हायचं असतं. गाठी मात्र सुटता सुटत नाहीत, कात्री लागते.

*

प्राण्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. मी लहानपणी वाघ-सिंह पाहिले, टाळ्याही वाजवल्या. आता बऱ्याच देशांत वन्य प्राण्यांच्या खेळांवर बंदी आहे. नातीला कौतुकाने सांगायला गेले तर तिने विचारलं, "वाघ खेळ नसताना कुठे राहायचा?" पिंजऱ्यात, म्हटलं. पुढे कौतुक सुचेना.

*

एक व्यवहाराची गोष्ट. लहान मुलाला घेऊन अगदी पुढच्या रांगेत बसू नका. झुले पाहताना मान दुखते आणि बँडचा दणका थेट कानात. मधल्या रांगांतून झेलणारा आणि उडी घेणारा दोघं एकदम दिसतात. दोघं एकमेकांचा तळवा न धरता मनगट धरतात, ते मुलांना दाखवा.