दूरच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीचं पान : तुमचे अनुभव लिहा

माझ्या बहिणीचं लग्न दक्षिण गोव्यात बाणावलीला झालं. पाहुणे पुण्याचे, सोलापूरचे, बंगळूरचे, काही थेट दुबईहून. आईला दिवसाला पंधरा फोन येत होते आणि प्रत्येकाला तेच ते सांगून तिचा घसा बसला होता, म्हणून मी एक छोटी वेबसाईट केली. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील आणि कित्येक घरांत हीच धावपळ असेल. त्यांच्यासाठी हा धागा.

आधी माझा अनुभव. पानावर मी लिहिलं होतं, 'जवळचा विमानतळ : गोवा'. गोव्यात दोन विमानतळ आहेत हे मला माहीत होतं. पाहुण्यांना ते सांगायला हवं, हे सुचलंच नाही. जानेवारी २०२३पासून पेडणे तालुक्यात मोप्याचा विमानतळ सुरू झालाय, दाबोळीचाही चालू आहे आणि तिकीट शोधताना दोन्हींपुढे 'गोवा'च दिसतं. काकांनी मोप्याची पाच तिकिटं काढली. दाबोळीहून बाणावली पाऊण तासावर, मोप्याहून दीड-दोन तास. त्यात गोव्यात ओला-उबर मिळत नाही. काकूंना मधुमेह, विमान उशिरा आलेलं, जेवण झालेलं नाही, आणि रात्री अकराला सगळे गाडी शोधत उभे. ती रात्र मला अजून लागून राहिलीय.

काका हळदीच्या दोन दिवस आधी आले होते, त्यामुळे बाकीच्यांसाठी काहीतरी करता आलं. त्याच रात्री पान बदललं. दोन्ही विमानतळांची नावं, तिकिटावरची अक्षरं (दाबोळीला जीओआय, मोप्याला जीओएक्स), तिथून लागणारा वेळ, टॅक्सी कुठून घ्यायची ते, आणि मोप्याला उतरणाऱ्या उरलेल्या अकरा जणांसाठी आम्ही ठरवलेल्या गाड्यांच्या वेळा. रेल्वेने येणाऱ्यांना मडगावलाच उतरा, थिवीला किंवा करमळीला नको, हेही लिहिलं.

तुम्ही काय लिहिलं होतं, काय राहून गेलं, कुठल्या ओळीने कुणाची सोय झाली, ते सविस्तर लिहा. माणसांची नावं आणि फोन नंबर मात्र नकोत.

वधूपिता, डोंबिवली. लग्न गणपतीपुळ्याला, एप्रिल २०२५

पान मुलीने केलं, मजकूर मी लिहिला. सप्टेंबर २०२४मध्ये मी त्यात ठळक अक्षरांत लिहिलं की १८ एप्रिलच्या गाडीचं आरक्षण १९ डिसेंबरला उघडेल. तेव्हा १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं. पुढे रेल्वेने १ नोव्हेंबरपासून ती मुदत ६० दिवसांवर आणली. म्हणजे तारीख झाली १७ फेब्रुवारी, सकाळी ८. त्यात १८ एप्रिलला गुड फ्रायडे, शनिवार-रविवार जोडून. कोकणच्या गाड्या बघता बघता भरणार हे उघड होतं. पानावरची तारीख आम्ही लगेच बदलली, पण ज्यांनी जुनी तारीख वहीत उतरवून ठेवली होती ते कशाला पुन्हा पान उघडून बघतील? मी बसून बेचाळीस फोन केले. तेव्हापासून प्रत्येक बदल पानाच्या अगदी वर, कधी केला त्या तारखेसह लिहीत गेलो.

रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे. कोकणकन्येने येणारा माणूस पहाटे तिथे उतरतो, गणपतीपुळं तिथून बरंच लांब. म्हणून पानावर पुतण्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हा पिवळी टोपी घालून स्टेशनच्या दारात उभा असेल, याच्याबरोबर या.' इतर कुठल्याही मजकुरापेक्षा त्या फोटोचा उपयोग जास्त झाला. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना महामार्गावर निवळी फाट्याला वळा असं सांगितलं. रत्नागिरीत मुक्काम करणाऱ्यांना आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता सुचवला, तो सुंदर आहे.

आणखी एक ओळ होती, तिच्यावरून घरात बोलणं झालं. 'इथल्या समुद्राला ओढ आहे, माणसं बुडाली आहेत, मुलांना पाण्यात सोडू नका.' शुभकार्याच्या पानावर असं अभद्र कशाला, असं व्याही म्हणाले. मी त्यांना हात जोडून सांगितलं की ही ओळ राहू द्या. चौतीस लहान मुलं येणार होती.

नवरी, न्यू जर्सी. लग्न पाचगणीला

आमच्याकडे नवऱ्याकडचे एकोणीस जण अमेरिकन. पहिला गोंधळ तारखेचा. मी '१२/०२' लिहिलं, माझ्या मनात १२ फेब्रुवारी. तिकडे आधी महिना लिहितात, त्यामुळे सासूबाईंच्या बहिणीने २ डिसेंबर वाचलं आणि इतक्या लवकर रजा मिळणार नाही म्हणून येणंच रद्द करत होत्या. फोनवर कळलं म्हणून बरं. तुमचे पाहुणे परदेशातून येणार असतील तर महिना अक्षरांत लिहा.

व्हिसाबद्दल मी नियम उतरवून काढले नाहीत, ते बदलतात. भारत सरकारच्या ई-व्हिसाच्या पानाची लिंक दिली आणि पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघा, असं लिहिलं, कारण तशाच दिसणाऱ्या खाजगी साईट जास्तीचे पैसे घेतात. पसरणी घाटात वळणं आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी वाईला गोळी घ्या, हेही. बरोबर थोडी रोख ठेवा, स्ट्रॉबेरीवाल्याकडे तुमचं कार्ड चालेलच असं नाही, हेही.

पण माझा जीव होता तो विधींच्या भागात. आजीला शेजारी बसवून मी लिहिलं. अंतरपाट म्हणजे काय, तो धरलेला असताना आम्ही एकमेकांना का बघत नाही. हातात अक्षता दिल्या तर त्या एकदम टाकायच्या नाहीत, प्रत्येक 'सावधान'ला थोड्या थोड्या टाकायच्या. माझा भाऊ नवऱ्याचा कान पिळेल, ते भांडण नाही. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा आहे, म्हणजे ११ वाजून ४७ मिनिटांचाच आहे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवऱ्याचे आजोबा पहिल्या रांगेत अक्षता मुठीत धरून बसले होते आणि 'सावधान' त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं. आजी तिकडेच बघत होती.

वराची मावशी, ठाणे. लग्न अलिबागजवळ

आमच्या पानावर 'मुंबईहून बोट' एवढंच होतं. मांडव्याला गेटवेहून लाँच जाते आणि भाऊच्या धक्क्याहून गाडीसकट नेणारी रो-रो. तिकीट एकीचं, माणसं दुसऱ्या धक्क्यावर, असं तीन कुटुंबांचं झालं. धक्क्याचं नाव लिहा. परतीची शेवटची बोट किती वाजता ते लिहा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेही.

वधूचा मामा, सांगली

तुम्ही मंडळी पान करता, पण ते उघडणार कोण, याचाही विचार व्हावा. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवायची आणि ती उघडली की फोनचा ताबा घ्यायचा, असे प्रकार झाले. २०२४मध्ये हिमाचलच्या पोलिसांनी त्याबद्दल सावधही केलं होतं. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकलेलं, त्यामुळे भाचीने लिंक पाठवली तर निम्म्यांनी ती पुसून टाकली. त्यांचं काहीच चुकलं नाही. मग मी एकेकाला फोन करून सांगितलं, 'संध्याकाळी माझ्या नंबरवरून लिंक येईल, फाइल येणार नाही, काही डाउनलोड करायला सांगितलं तर करू नका.' ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्यासाठी तेच सगळं मोठ्या अक्षरांत दोन कागदांवर छापून पत्रिकेबरोबर दिलं. माझी आई तो कागद घडी करून बटव्यात ठेवून आली. बसमध्ये शेजारणीलाही वाचून दाखवला तिने.

पाहुणी म्हणून गेले होते, कोल्हापूर. लग्न उदयपूरला

माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यात. लग्नाला जायचं म्हटलं की पहिला विचार पायऱ्यांचा येतो, आणि हे कुणाला विचारायला संकोच वाटतो. आपल्यामुळे यजमानांना त्रास नको, असं वाटून माणूस जायचंच टाळतो. या मुलीने पानावर आपणहून लिहिलं होतं : हवेलीच्या दारापासून अंगणापर्यंत २२ पायऱ्या, कठडा उजव्या हाताला, मागच्या दाराने उतार आहे, चाकाची खुर्ची ठेवली आहे. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, शेवटचा टप्पा रिक्षाने, ती रिक्षा आम्ही ठरवली आहे. रात्री गच्चीवर थंडी असते, शाल आणा. बाळांना पाजायला कुठली खोली, औषधं ठेवायला फ्रिज कुठे.

ते वाचून मी त्याच दिवशी तिकीट काढलं. त्या पानावर नवरा-नवरीचे फोटोही होते, छान होते, पण मी पुन्हा पुन्हा उघडली ती पायऱ्यांची ओळ.

वराचा भाऊ, पुणे. लग्न थायलंडमध्ये

थोडक्यात लिहितो. मे २०२५पासून थायलंडला जाताना डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत. ते विनामूल्य आहे. आमच्या सात जणांनी दुसऱ्याच कुठल्यातरी साईटवर पैसे भरले. सरकारी लिंक पानावर द्याच.

वरमाय, नाशिक

फॉर्ममध्ये मुलाने प्रश्न घातला होता, 'तुम्ही येणार आहात का? हो किंवा नाही.' मला तो वाचवेना. आग्रहाने बोलवायचं आणि पुढे 'नाही'चा पर्याय ठेवायचा? नणंदबाई तर दुखावल्याच. मी त्याला ती वाक्यं बदलायला लावली. 'तुमची वाट बघतोय. किती वाजता पोहोचाल? खोलीत कुणाची सोबत हवी? उपास असेल तर साबुदाणा चालेल का वरई?' आकडे तेच मिळाले, उत्तरं मात्र भराभर आली.

खोल्यांच्या खर्चाचंही स्पष्ट लिहावं. दोन रात्री आमच्याकडून, त्याआधी किंवा नंतर राहिलात तर हा दर, असं आम्ही लिहिलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण हॉटेलच्या काउंटरवर बिल हातात पडल्यावर पाहुण्याने चपापणं फार वाईट. माझ्या भाचीच्या लग्नात ते पाहिलंय.

धागाकर्ती

मामांनी सांगितलेले छापील कागद मी माझ्या चुलतभावाच्या लग्नासाठी नक्की करणार आहे.

एक सांगायचं राहिलं. लग्नानंतर पान बंद न करता मी त्यावर 'राहिलेल्या वस्तू' असा भाग उघडला आणि हॉटेलने दिलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो टाकला. दोन चष्मे, एक मोत्यांची नथ, लहान मुलाचा एक बूट, गुडघ्याचा पट्टा. नथ सोलापूरला पोहोचली, बूट दुबईला गेला. आता एक पितळी डबा उरलाय, आत मेथीचे लाडू होते. त्यावर नाव घातलेलं नाही, त्यामुळे कुणाचा ते कळत नाही. त्याच्यासाठी पान अजून चालू ठेवलंय.