ड्रुपल ७ वरची साइट: ११ वर उडी मारावी की फोर्क धरावा?

कंदीलवाला: मंडळी, सल्ला हवाय. आमच्या वाचनालयाची साइट २०१२ पासून ड्रुपल ७ वर (साइट चालवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेससारखंच) आहे. तीनेक हजार लेख, चार कस्टम मॉड्यूलं (खास आमच्यासाठी लिहिलेले जोडभाग). ती लिहिणारा मुलगा आता परदेशात. ७ चा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. पण ती तारीख आधी तीनदा पुढे गेली होती, म्हणून आम्हीही निवांत राहिलो. आता होस्टिंगवाला नवं पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) घ्या म्हणून मागे लागलाय. ड्रुपल ११ की वर्डप्रेस? पाच वर्षांनी पुन्हा हेच करायचं असेल तर आत्ताच सांगा, पैसे पुस्तकांनाच पुरत नाहीत.

टिचकी: वर्डप्रेस. जुनं सहसा मोडत नाहीत. २०१८ ला ५.० मध्ये ब्लॉक एडिटर (लेख तुकड्यातुकड्यांनी रचायचा) आला, तरी ज्यांना नको त्यांच्यासाठी क्लासिक एडिटरचं प्लगइन होतंच.

अर्धवट_पुणेकर: टिचकी, कोअर (मूळ सॉफ्टवेअर) मोडत नाही हे खरं. प्लगइनची हमी कोण देणार?

कंदीलवाले, ७ वरून ८ हे अपग्रेड नव्हतंच, बिऱ्हाड हलवणं होतं. २०१५ च्या नोव्हेंबरात ८ आलं, ते सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे घटक घेऊन बरंचसं नव्याने रचलेलं. थीम (साइटचं रूप) ट्विग या टेम्प्लेटच्या भाषेत गेल्या. मजकूर न्यायला मायग्रेट नावाचं मॉड्यूल आहे, पण कस्टम कोड पुन्हा लिहा. कित्येक लोक ७ वरच बसून राहिले ते यामुळेच.

८ वरून ९ ला (जून २०२०) मात्र शहाणपण आलं. जे काढायचं त्यावर ८ मध्येच ‘डेप्रिकेटेड’चा शिक्का मारला, पर्याय काय तेही सांगितलं, आणि ९ मध्ये मुख्यतः शिक्केवालंच काढलं. माझी साइट एका संध्याकाळी गेली. ९ वरून १० ला मजकूर लिहायचा सीकेएडिटर ४ जाऊन ५ आला. जुन्यासाठी मीच लिहिलेलं एक बटण नव्यात चालेना, त्यात दोन दिवस गेले. तरीही मोठी उडी एकदाच, पुढे पायऱ्या. माझं मत ११.

सुपारी: पायऱ्या छोट्या, पण दर दोन-अडीच वर्षांनी एक. वाचनालयात त्या चढणार कोण? बॅकड्रॉप बघा. ७ चाच फोर्क (त्याच्याच कोडवरून वेगळी काढलेली शाखा), जानेवारी २०१५ पासून आहे. हूकची (मॉड्यूलं कोअरला जोडायची) पद्धत तीच, ७ वरून थेट अपग्रेड होतं, मॉड्यूलं डागडुजीवर भागतील. गोतावळा लहान आहे, हे मात्र धरून चाला.

अर्धवट_पुणेकर: चार मॉड्यूलं करतात तरी काय?

कंदीलवाला: एक सभासद क्रमांक देतं, एक दिवाळी अंकांची यादी दाखवतं. उरलेली दोन कशाची आहेत ते ग्रंथपालांनाही सांगता आलं नाही 😀

अर्धवट_पुणेकर: ती दोन आधी कॉपीवर बंद करून बघा. यादी व्ह्यूजने (याद्या बनवायचं मॉड्यूल) होईल, ते ८ पासून कोअरमध्येच आहे. म्हणजे लिहायचं एकच उरलं. ११ ला पीएचपी ८.३ लागतं, होस्टिंगवाल्याला विचारून ठेवा.

सुपारी: व्ह्यूज बॅकड्रॉपच्याही कोअरमध्ये आहे हो.

टिचकी: जुने लेख युनिकोडात आहेत ना? आमचे अर्धे श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात) निघाले होते. कुठेही जा, ते आधी तपासा.

कंदीलवाला: युनिकोडच आहेत, देवाची कृपा. रविवारी जुन्या लॅपटॉपवर कॉपी टाकून बॅकड्रॉप चालवतो. सभासद क्रमांक नीट आला तर तिथेच थांबतो. नाहीतर पुणेकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुपारी: डेटाबेसबरोबर फाइल्सचं फोल्डरही घ्या. मुखपृष्ठं त्यातच असतील.