लसीका ग्रंथी, लसीकापर्व की अवधाण?

उंबरठा: वृषणाच्या कर्करोगावरच्या रुग्णपत्रिकेचं भाषांतर करतेय. 'केमोनंतर पोटात मागच्या बाजूला उरलेल्या लसीका ग्रंथी रोबोच्या मदतीने काढतात' असं लिहिलं आणि मसुदा एका पंचविशीतल्या रुग्णाला वाचायला दिला. 'ग्रंथी'वर बोट ठेवून तो थांबला. हळूच म्हणाला, "म्हणजे दुसरंही काढणार?" त्याचं एक वृषण आधीच काढलेलं, आणि वरच्याच परिच्छेदात मी वृषणाला 'ग्रंथी' म्हटलं होतं. चूक माझीच. आता कोणता शब्द वापरू?

पाटीपेन्सिल: 'ग्रंथी' मुळातच चूक. ग्रंथी स्रवते, इथे लसीका, म्हणजे लिंफ, शरीरातला पाण्यासारखा द्रव, गाळली जाते. शब्द आहे 'लसीकापर्व'. पर्व म्हणजे पेर, उसाचं असतं तसं. लसीकावाहिन्यांच्या वाटेवरची पेरं!

सांजवात: पर्व म्हटलं की महाभारतच आठवतं हो. आमच्या आजीचा शब्द 'अवधाण'. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण यायचं, ती अंगठ्याने दाबून बघायची. ही तीच गाठ ना?

नाडीपरीक्षा: जात तीच, जागा वेगळी. वृषणं गर्भात मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या सोबत ओढत आणतात. म्हणून हा आजार सहसा आधी महारोहिणीच्या, म्हणजे पोटातून जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कडेच्या गाठींत जातो. 'अवधाण' लिहिलंत तर वाचणारा जांघ चाचपत बसेल. सरळ 'गाठ' म्हणा.

उंबरठा: तिथेच अडतंय. केमोनंतर १ सेंटिमीटरहून मोठं काही उरलं, तर त्यात नुसता मेलेला भाग असेल, टेराटोमा (वेगवेगळ्या ऊतींची बनलेली गाठ) असेल किंवा जिवंत कर्करोग. टेराटोमाला केमो लागू पडत नाही, म्हणून रक्तातले मार्कर, म्हणजे कर्करोगाची खूण देणारे पदार्थ, नॉर्मल आले तरी काढायचं. हे सगळं 'गाठ' शब्दात लिहिलं की कर्करोगाची गाठ कुठली आणि शरीराची स्वतःची कुठली, ते कळेनासं होतं.

पाटीपेन्सिल: म्हणूनच पर्व! आणि 'रोबो' कशाला? 'यंत्रमानव' आहे की.

दुसराडाव: माझी हीच शस्त्रक्रिया झालीय. 'यंत्रमानव' वाचून आईला वाटलं, खोलीत डॉक्टर नसणारच. सर्जन तिथेच कन्सोलवर बसतो. त्याचा हात हलेल तसा रोबोचा हात आत हलतो. 'दुर्बिणीचं ऑपरेशन' कळतं ना सगळ्यांना? मग 'रोबोच्या हातांनी दुर्बिणीतून' लिहा. पण मला वेगळंच सांगायचंय. केमोनंतर या गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात. त्या सोडवताना शेजारच्या बारीक नसा दुखावल्या, तर ताठरता सहसा राहते, सुखही राहतं, पण वीर्य बाहेर येत नाही. हे एक वाक्य मला कुठल्याच पत्रिकेत नीट मराठीत मिळालं नाही. सगळीकडे 'लैंगिक कार्यावर परिणाम'. मी महिनाभर त्याचा भलता अर्थ धरून बसलो होतो.

उंबरठा: दादा, तुमचं वाक्य जसंच्या तसं घेऊ का?

दुसराडाव: घ्या की. त्यासाठीच लिहिलं.

नाडीपरीक्षा: फक्त 'नसा' बदला. नस म्हणजे रक्ताची शीर समजतात. 'चेतातंतू' करा.

सांजवात: 'नस दबली' म्हणतो तेव्हा कुणाला शीर वाटते? चेतातंतू दबला असं घरात कोण म्हणतं?

पाटीपेन्सिल: नस आली 'स्नसा'वरून, अर्थ कंडरा, स्नायू हाडाला बांधणारा दोर. म्हणजे शीरही नाही आणि चेतातंतूही नाही. संस्कृतातला 'स्नायू'ही कंडराच. मराठीत त्याचं मांस झालं.

सांजवात: मग लसही घ्या. जखमेतून वाहते ती लस, टोचतात तीही लस. चरकसंहितेत 'लसीका' आहे ती जखमेतल्या पाण्यालाच. घरातला शब्द टिकतो तो असा.

उंबरठा: 'नसा' ठेवते, वाक्य दादांचंच आहे. 'ग्रंथी' खोडली, 'लसीकेच्या गाठी' केलं. उद्या त्याच मुलाला पुन्हा वाचायला देते.

पाटीपेन्सिल: 'लसीकेच्या गाठी' नको! लसीका गोठून तिच्या गाठी झाल्यासारखं वाटतं.