२८ दिवसांचा रिचार्ज: लबाडी, की कुणालाच न सुटणारा पेच?

त्रैराशिक
'मोबाइल कंपन्या महिन्याऐवजी २८ दिवसांचा रिचार्ज ठेवून वर्षाला १२ ऐवजी १३ रिचार्ज उकळतात' असं म्हटलं की हा विषय संपतो. मला ते अर्धवट वाटतं. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना आदेश काढला: ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवा, शिवाय दर महिन्याला त्याच तारखेला करता येईल असाही एक द्या. मग जिओचा २५९ रुपयांचा, पूर्ण महिन्याचा प्लॅन आला. रोज तेवढाच दीड जीबी डेटा २८ दिवसांसाठी तेव्हा २३९ ला होता. आता गुणाकार करा. २३९ गुणिले १३ = ३,१०७. २५९ गुणिले १२ = ३,१०८. फरक एक रुपया, आणि ३६४ विरुद्ध ३६५ दिवस धरले तर तोही नाही!

मग २८ चा हट्ट का? गिऱ्हाईक दिवसाचा दर काढत नाही, पाटीवरचा आकडा बघतं. हे झालं वर्तनाचं अर्थशास्त्र. आणि एकच कंपनी ३० वर गेली, तर तीच महाग दिसणार. म्हणून आधी कुणी हलत नाही. दुसरा काय करेल ते बघून आपली चाल ठरवण्याचं शास्त्र म्हणजे गेम थिअरी; तिच्यात याला गणितज्ञ नॅशच्या नावाने 'नॅशचा समतोल' म्हणतात. सगळ्यांना एकदम सक्ती केल्याशिवाय हा पेच सुटणार नाही.

गल्ल्यावरचा
माझं रिचार्जचं दुकान आहे. गिऱ्हाईक एवढं भोळं नसतं हो. रोजंदारीवाला विचारतो, 'कमीत कमी कितीचा मारू?' तेव्हाच्या दरात सांगायचं तर त्याच्या खिशात त्या दिवशी २३९ असायचे, २५९ नसायचे. संपलं की दोन दिवस तसेच काढतो आणि मजुरी मिळाली की येतो. याला चुकीचा विचार म्हणायचं, तर पुस्तकवाल्यांनी आठवडाभर त्याच्या खिशावर जगून दाखवावं.

शंकासुर
नॅशला कशाला त्रास देताय? २७ जून २०२४ ला जिओने दरवाढ जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने. २३९ चे थेट २९९ झाले, म्हणजे २५ टक्के वाढ! 'महाग दिसू' ही भीती तेव्हा कुठे गेली होती? २० रुपयांना घाबरणारे ६० रुपये बिनघोर वाढवतात? तीनच मोठे खेळाडू उरले की एकमेकांशी बोलावंही लागत नाही.

त्रैराशिक
@शंकासुर, पण हीसुद्धा गेम थिअरीच आहे. तेच खेळाडू तोच डाव वर्षानुवर्षं खेळतात, तेव्हा एकाने जाहीर केलं की बाकीच्यांना इशारा पुरतो. दरवाढीत पुढाकार घेणाऱ्याला पैसा दिसतो. २८ चे ३० करून वर्षाची कमाई तेवढीच राहणार असेल, तर पुढाकार घ्यायचा कशासाठी? जोखीम पूर्ण, नफा शून्य. आणि दरवाढ फुकटात पचली नाही. बीएसएनएलने दर वाढवले नव्हते, पुढचे काही महिने लाखो ग्राहक तिकडे वळले.
@गल्ल्यावरचा, तुमचा मुद्दा मान्य, पण तो रोजंदारीवाल्यापुरता. एक तारखेला पगार घेणारासुद्धा २८ चाच का मारतो? त्याचा रिचार्ज कधी २५ ला संपतो, कधी २२ ला, आणि दर वेळी चिडचिड.

मुक्काम मिलान
तुमच्या सक्तीचा प्रयोग इटलीत होऊन गेलाय. इथल्या कंपन्या बिलं दर चार आठवड्यांनी काढू लागल्या होत्या. २०१७ च्या अखेरीस कायदा झाला आणि २०१८ मध्ये बिलं पुन्हा मासिक झाली. पण प्रत्येक बिल ८.६ टक्क्यांनी फुगलं! वर्षाचा खर्च तोच, फक्त १२ तुकड्यांत.

शंकासुर
म्हणजे सक्तीने पेच सुटला आणि ग्राहकाला मिळालं काय? कॅलेंडर.

त्रैराशिक
कॅलेंडर कमी समजू नका. भाडं, वीज, रिचार्ज एकाच हिशोबात दिसलं की दरवाढ लपवता येत नाही.

गल्ल्यावरचा
दिसेल ना. तुमचाच हिशोब लावला तर २९९ च्या जागी ३२४ ची पाटी लागेल. ती बघून कंपनीला कुणी फोन करणार नाही, शिव्या मलाच पडतील. रोजंदारीवाल्यासाठी २८ चा राहू द्या आणि पगारदाराला महिन्याचा आहेच की. ॲपमध्ये जरा खाली सरकवायचं, एवढंच.

त्रैराशिक
खाली का सरकवावं लागतं, तेच तर विचारतोय!